राणीछाप रुपयावरचा तुझा अंगठा

आई, गेल्या रविवारी एका माणसानं तुला अडाणी म्हटलं आणि मी गप्प बसलो. तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. मिलमध्ये हजेरी मांडतानाही मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत असतो. तू जाऊन पंचवीस वर्षं झाली. तुला हे दुसरं कोण सांगणार, म्हणून लिहितो.

गोष्ट तुझ्या राणीछाप रुपयाची आहे, तुझ्या वडिलांनी लग्नात तुझ्या ओटीत घातलेला. होटगीच्या घरात तो देवघरातल्या डब्यात पिवळ्या चिंधीत असायचा आणि वर्षातून एकदाच, लक्ष्मीपूजनाला, बाहेर यायचा. कुंकूसुद्धा तू त्याला लावायची नाहीस, खालच्या विड्याच्या पानाला लावायचीस. बाबा रेल्वेत गँगमन, ते दरवर्षी रुपयावरच्या राणीला बघून म्हणायचे, "आली का आमच्या सायबाची आई जेवाया?" आणि तू न हसता म्हणायचीस, "लक्ष्मी हाय ती. तोंड कुणाचं का असंना." मी तिसरीत असताना गुळानं चिकट झालेल्या हातानं तो उचलला, तर तू उलथन्यानं माझी बोटं शेकलीस. "उष्ट्या हातानं लक्ष्मीला शिवतोस व्हय रं? हात धू आदी. आन काठाला धर, तोंडावर बोट टेकवू नगं!" दर अमावास्येला पितळेचे देव चिंच आणि राख लावून घासायचं काम माझ्याकडे होतं. एकदा त्यांच्याबरोबर मी रुपयाही घ्यायला गेलो, तर तू तो ओढून घेतलास. "द्येव घास की खुशाल. ह्येला न्हाय. माझ्या बाच्या हातातनं जसा आला तसाच ऱ्हाऊ दे."

तुझी शेवटची दिवाळी मला अजून समोर दिसते. ताप उतरत नाही. मी तुला काखेत धरून पाटापर्यंत आणतो. निरांजनात तूप घालून तू रुपया घेतेस, काठ निसटतो आणि तुपाचा, हळदीचा अंगठा राणीच्या गालावर सपाट बसतो. मी धोतराच्या सोग्यानं पुसायला जातो, तर तू म्हणतेस, "ऱ्हाऊ दे आता." पुढच्या महिन्यात तू गेलीस. रुपया आम्ही तसाच गुंडाळला. वर्षानं सोडला तेव्हा हळद उडाली होती, पण अंगठ्याच्या रेषा चांदीत उतरल्या होत्या, तपकिरी, नांगरटीच्या तासांसारख्या. तुझा एकही फोटो नाही. मी दर लक्ष्मीपूजनाला हात जोडतो ते राणीला नव्हे, त्या अंगठ्याला. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

तुझा धाकटा आता कुंभारीला राहतो, घराला एक खोली वाढवतो आहे. त्याला सोलापुरातल्या एका सराफानं सांगितलं की पुण्याचे एक गृहस्थ येतात आणि जुन्या नाण्यांना भारी भाव देतात. तो आला आणि म्हणाला, "अण्णा, चिंधीत गुंडाळून काय करायचं? माझ्या खोलीवर पत्रं तरी पडतील. निम्मं तुमचं." मी म्हटलं, "मागच्या दुष्काळात रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, पण ह्यो इकला न्हाय आपण." तो म्हणाला, "तवा भाव कुटं हुता?" एवढ्यावर मी तयार झालो. माझंही घर काही भरलेलं नाही.

सराफाच्या दुकानात त्या गृहस्थांनी काळी मखमल पसरली, पांढरे हातमोजे चढवले आणि रुपया दोन बोटांत काठाला धरला. अगदी तू शिकवलंस तसा. मग त्यांनी भिंग लावलं. "हा अंगठा कुणाचा?"

"आईचा."

"अहो, घामाचं, तुपाचं बोट चांदीला खातं. मग ते काही केल्या जात नाही. इतका कमी हाताळलेला रुपया क्वचित बघायला मिळतो, आणि नेमका चेहऱ्यावर अंगठा!" त्यांनी तो तराजूत टाकला. "आता नुसत्या चांदीच्या वजनाचा. काय करणार, अडाणी माणसांच्या हातात पडलेली वस्तू."

माणसाचा हात लागला म्हणून किंमत उतरते, हा कुठला न्याय, आई? रुपया केला कशासाठी? या हातातून त्या हातात जावा म्हणूनच ना? देवळाची पायरी लाखो पायांनी झिजते आणि आपण तिलाच डोकं टेकवतो. आणि हा माणूस हातमोजे घालून शोधतो कुणीच न शिवलेली लक्ष्मी! तुझा अंगठा त्याला डाग दिसला. मला हे सगळं तिथं बोलायचं होतं. जास्त झोंबलं ते दुसरंच. हात धू, काठाला धर, घासू नको, हे त्याचं आणि तुझं अक्षर न् अक्षर सारखं. तुमचं दोघांचं चांगलं जमलं असतं.

वाटेत धाकटा म्हणाला, "चला, वजनावर कशाला द्यायचा? ऱ्हाऊ दे घरातच. पण आईनं पार वाटोळं केलं बघा." मी त्याच्यावर खेकसलो. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

इथपर्यंत लिहिलं आणि दोन दिवस कागद तसाच ठेवला. कारण ते गृहस्थ आणखी एक बोलले होते, ते मी वर लिहिलं नाही. तराजूत टाकण्याआधी ते म्हणाले, "अंगठ्याचं एक वेळ चाललं असतं, बराच भाव आला असता. पण हा घासलाय कुणी? सगळी ओरखडलेली चांदी आहे." धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आईच घासायची, सणासुदीला." त्यावर त्यांनी तुला अडाणी म्हटलं.

त्या रविवारी सकाळी, दुकानात जाण्याआधी, बायको देवळात गेल्यावर मी चिंच भिजवली, राख घेतली. वाटलं, लखलखीत दिसला तर चार पैसे जास्त येतील. अंगठा निघाला तर कुणाला काय कळतंय, असंही वाटलं. देव घासायची सवय, हात आपोआप चालला. अर्धा अंगठा धूसर झाला तेव्हा भ्यालो आणि थांबलो. वरच्या चार-पाच रेषा राहिल्या आहेत.

रुपया पुन्हा चिंधीत घातला आहे. हे पत्रही त्याच डब्यात ठेवणार होतो. पण लक्ष्मीपूजनाला धाकटा येतो आणि डबा तोच उघडतो. म्हणून ते मिलमधल्या माझ्या खणात, जुन्या रजिस्टराखाली ठेवतो आहे. काल धाकटा भेटला, पुन्हा तेच म्हणाला, आईनं घासून वाटोळं केलं. मी 'हं' म्हटलं.