बाबांना माफ करणारी तू कोण

प्रिय ताई,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलंय, फार मनावर घेऊ नकोस. मागच्या रविवारची पुरवणी उघडली आणि पहिल्याच पानावर तू. पांढरे केस मोकळे, मांडीवर गिटार, आणि फोटोखाली ठळक अक्षरांत, 'मी माझ्या वडिलांना माफ केलं आहे.' मी दुकानात खिडकीच्या चौकटीला सरस लावत होतो. ब्रश हातातच राहिला, सरस वाळला, चौकट वाया गेली. तेव्हापासून मी तुझ्याशी भांडतोय. रंधा मारताना भांडतो, जेवताना भांडतो. बायको म्हणाली, "भिंतीशी किती दिवस बोलणार? तिला लिहा तरी." आज दुकानाला सुट्टी आहे. शटर अर्धं ओढून बसलोय. पत्र लांबेल. तुझ्या कार्यालयातल्या त्या गोडबोल्या मुलीने ते उघडून 'आपल्या चाहत्याचं पत्र' म्हणून बाजूला टाकू नये, एवढीच इच्छा.

माफ केलं म्हणे! तू बारा वर्षांची असताना शाळेतल्या संगीताच्या बाई घरी आल्या होत्या, आठवतं? पोरीच्या गळ्यात काहीतरी आहे, हिला वाद्य द्या, म्हणाल्या. बाबा दारं-खिडक्या करणारे सुतार. वाद्य त्यांनी जन्मात हातात धरलं नव्हतं. बाईंचं गिटार दोन दिवसांसाठी मागून आणलं, कागदावर आडवं ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, आत हात घालून चाचपून पट्ट्या मोजल्या, आणि पुढे चार महिने रोजचं काम उरकल्यावर तासभर त्यावर खपत राहिले. मान मोडक्या पलंगाच्या पायाची, पाठ जुन्या कपाटाच्या दाराची. पहिलं गिटार इतकं फसलं की आईने त्यात बटाटे ठेवले. दुसऱ्यात कांदे. तिसरं वाजलं. तू पहिली तार छेडलीस तेव्हा ते दारात उभे होते, आणि कानावरची पेन्सिल काढायची, पुन्हा खोचायची, एवढंच त्यांचं चाललं होतं. यातलं एक अक्षर तुझ्या कुठल्या मुलाखतीत आलंय? मी शोधलं. नाही आलेलं.

तुझ्या मोठं होण्याचा मला राग आहे असं समजू नकोस. तुझी पहिली गाणी या दुकानातच झाली. तू भुशाच्या पोत्यावर बसायचीस, मी फळीवर बोटांनी ठेका धरायचो. शब्द तुझे, चाल तुझी, आणि 'हे कडवं ओढूनताणून आणलंयस' असं तोंडावर सांगायचं काम माझं. बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये आपण दोघं पहिल्यांदा गायलो तेव्हा ड्रायव्हर चहा गार करून ऐकत बसले आणि पहिली गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. पुढे तू शहरात गेलीस. स्टेशनच्या पायऱ्यांवर गायलीस, संपकऱ्यांच्या मांडवात गायलीस, भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत पहिली रेकॉर्ड केलीस. मग दुसरी, मग तिसरी, मग गळ्याचं ऑपरेशन, वर्षभराचं मौन, आणि त्यानंतर परत आलेला तो खोल, खरखरीत आवाज. माझ्याकडे सगळं आहे. इस्पितळाच्या धोबीखान्यातल्या बाईवरचं तुझं गाणं, जिला चादरीवरच्या डागांवरून कुणाचं काय झालं ते कळतं, त्याच्याइतकं चांगलं तू दुसरं काही लिहिलेलं नाहीस. ते गाणं तुझ्याकडे कुणी मागत नाही. सगळ्यांना 'हातोडा' हवं असतं.

'हातोडा' पहिल्यांदा रेडिओवर लागलं तेव्हा बाबा आणि मी इथेच काम करत होतो. तू जाऊन नऊ वर्षं झाली होती. 'ज्या हातांनी घडवलं, त्याच हातांनी फोडलं; सांग ना बाबा, दुखलं कुणाला, लाकडाला की मला?' मी रेडिओ बंद करायला उठलो. बाबांनी हाताने खूण केली, राहू दे. पूर्ण ऐकलं. मग रंध्यातली साल काढत म्हणाले, "चाल छान आहे. दुसऱ्या कडव्याला तिचा दम पुरत नाही, पण चाल छान आहे." एवढंच. महिन्याभरात ते गाणं गावभर झालं. गिटार सुताराने फोडलं आणि गाणारी त्या सुताराची मुलगी, हे इथे कुणाला वेगळं सांगावं लागणार होतं? ते अवजारांची पिशवी घेऊन निघाले की शाळेसमोरची पोरं ओरडायची, "बाबा, आज काय फोडलं?" आणि ते न थांबता म्हणायचे, "आज नाही रे, आज सुट्टी." पोरं हसायची, तेही हसायचे. दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली. त्यातल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आमच्या घरात मुली आहेत, तुम्ही एकटेच या कामाला."

एवढ्यावरही मी गप्प बसलो असतो. गाण्यात तू जे डोळ्यांनी पाहिलंस तेच लिहिलंस. पण त्यानंतर? पहिल्या मुलाखतीत बाबा 'रागीट' होते. दोन वर्षांनी ते 'कधीकधी प्यायचे'. मग 'रोज'. तो माणूस लग्नाच्या पंगतीतसुद्धा सरबत मागून घ्यायचा, आणि तू त्याला दरवर्षी थोडी जास्त दारू पाजत गेलीस. दहा वर्षांपूर्वी त्यात कमरेचा पट्टा आला. कुठला पट्टा, ताई? पायजमा घालणाऱ्या माणसाच्या घरात पट्टा आला कुठून? मुलाखत घ्यायला समोर बसलेला मान हलवत राहतो, डोळे पुसतो, आणि तुला वाटतं अजून थोडं द्यावं. तुझ्या मुलाखतींची ती मासिकं वाचनालयातून बाबा स्वतः आणायचे. चष्मा लावून वाचायचे, घडी घालून परत करायचे. एकदाच म्हणाले, "अगं बाई, पट्टा?" जणू तू समोरच बसली आहेस.

आणि ते नवं गिटार. तू गेल्यावर त्यांनी ते दीड महिन्यात केलं. या वेळी चांगलं लाकूड घेतलं. गोणपाटात बांधून डेपोतल्या ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर तुझ्या पत्त्यावर पाठवलं. त्याच ड्रायव्हरबरोबर ते परत आलं, सुतळीची एक गाठसुद्धा सुटली नव्हती. बाबांनी ते उघडलं नाही. ते गेले तेव्हा तुझा दौरा होता, तू फुलं पाठवलीस, सोबतच्या कार्डावर सहीच्या जागी कार्यालयाचा शिक्का. आणि आता आठ महिन्यांनी माफी. मेलेल्या माणसाला माफ करणं सोपं असतं, तो उलटून विचारत नाही, कशाबद्दल?

इथपर्यंत लिहून मी उठलो होतो. दुकानात दोन फेऱ्या मारल्या. तुझ्यावर ओरडायला मला कसं सुचतं बघ. पुढचं सुचत नाही, आणि तेच लिहायचंय.

तू शहरात गेलीस त्या दिवशी सकाळी तू आरशासमोर वेणी घालत होतीस. मी माझी पिशवी भरून बसलो होतो. दोघांनी जायचं, तू गाणार आणि मी साथ करणार, असं दोन वर्षं ठरलेलं. तू आरशातूनसुद्धा माझ्याकडे पाहिलं नाहीस. म्हणालीस, "अरे, शहरातून ज्यांनी बोलावलंय त्यांना मी एकटीच हवी आहे. आणि दुकानात बाबांबरोबर कुणीतरी नको का?" मी म्हणालो, बरं. पंधरा वर्षांचा होतो. दुपारी तू संगीताच्या बाईंचा निरोप घ्यायला गेलीस. गिटार इथे, या टेबलावर होतं, बाबांनी तारा बदलायला ठेवलेलं. मी हातोडा घेतला आणि तीन घाव घातले. पहिल्यात पाठ गेली, दुसऱ्यात मान. तिसरा कशावर बसला ते मला माहीत नाही, कारण मी डोळे मिटले होते. आवाज ऐकून बाबा मागच्या अंगणातून धावत आले. ओरडले नाहीत. माझ्या मुठीतून एकेक बोट सोडवून हातोडा काढून घेतला आणि म्हणाले, "आत जा, तोंड धू." मी मागच्या दारापाशी पोचलो आणि तू पुढच्या दारात. तू पाहिलंस ते एवढंच: समोर फुटलेलं गिटार आणि बाबांच्या हातात हातोडा. तू विचारलंस, "बाबा, तुम्ही?" मी दाराआडून ऐकत होतो. वाटलं, आता ते माझं नाव घेतील. ते म्हणाले, "हो."

त्यांनी घेतलं नाही, म्हणून मीही घेतलं नाही. तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस. तुझ्या मागे दार बंद झालं तेव्हा आईने आपलं अंथरूण उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. 'हातोडा' आलं तेव्हा मी चोवीस वर्षांचा, चांगला मिशा आलेला बाप्या होतो. तेव्हा तुला एक पत्र टाकता आलं असतं. पोरं ओरडायची तेव्हा रस्त्यात उभं राहून सांगता आलं असतं. मी बाबांनाच विचारलं, सांगून टाकू का? ते म्हणाले, "एकदा मी केलं म्हटलंय ना? आता काय शब्द फिरवायचा?" मी पुन्हा विचारलं तेव्हा चिडले. "ती निघालीच होती, माझ्यावर रागावून गेली तर बिघडत नाही. तुझ्यावर रागावली तर तुम्हा दोघांना आमच्या मागे कोण आहे?" मला ते ऐकून बरं वाटलं. हे वाक्य मी पुन्हा वाचलं आणि खोडणार होतो. खोडत नाही. बरं वाटलं. त्यांनी मला परवानगी दिली आणि मी ती आयुष्यभर वापरली. त्या हट्टी म्हाताऱ्याचाही मला राग येतो. एक पोर वाचवायला त्याने दुसरं घालवलं, आणि वाचलेलं कसं निघालं ते तू बघतेच आहेस.

काल मी आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत. सोलून झाल्यावर सालं गोळा केली, टाकून आली, आणि मग माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "छत्तीस वर्षं मी त्या माणसाचं ताट मांडलं आणि उठून गेले. एकदासुद्धा समोर बसले नाही. तू शेजारी जेवत होतास." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. आज सकाळी तिने बाबांच्या खोलीचं कुलूप काढलं आणि त्यांच्या पलंगावर स्वतःची चादर घातली. जेवायला बोलवायला गेलो तर बायकोला म्हणाली, "त्याला सांग, तिला कळव म्हणावं. आणि नुसतं तिला नाही."

म्हणून हे पत्र. येत्या शनिवारी तू इथल्या नाट्यगृहात गाणार आहेस. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. सगळी तिकिटं गेली आहेत, शाळेसमोरची ती पोरं आता पोरांचे बाप झालीत, तीही येणार आहेत. लोक 'हातोडा' मागतील. गाऊ नकोस असं मी म्हणत नाही, ते तुझं आहे आणि ते चांगलं आहे. पण त्याआधी मला वर बोलाव. मी माइकवर उभा राहून आपलं नाव, दुकानाचा पत्ता आणि त्या दुपारी काय केलं ते सांगेन. मग तू दारूचं आणि पट्ट्याचं तुझं तू सांग, तुझ्या तोंडाने. ते मी तुझ्यासाठी करणार नाही. त्यानंतर तुला माझं तोंड पाहायचं नसेल तर नको पाहूस, मी समजेन. पण मला माफ करायच्या भानगडीत मात्र पडू नकोस, पुरवणीत तर मुळीच नाही. आई आणि मी पहिल्या रांगेत बसणार आहोत, उजवीकडून तिसरी-चौथी खुर्ची. तू बोलावलं नाहीस तर मी आपणहून उठेन. आईने बायकोकरवी सांगितलंय, मी नाही उठलो तर ती उठेल.

तुझाच,
तुझा भाऊ, सुतार