नंबर वाढला

४ मार्च, सोमवार

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आम्ही दोघी चुलत बहिणी रसायनशास्त्रात बरोबरीत आहोत. ते खरं नाही. काल वसतिगृहाच्या जिन्यात ठकी तिच्या आईशी, काकूशी, फोनवर बोलत होती. तिचा नंबर वर गेलाय, आणि हे इतक्यात बाबांना सांगू नकोस, असं ती हळू आवाजात सांगत होती. मी मुद्दाम ऐकत नव्हते. (थोडं मुद्दाम ऐकत होते.) म्हणजे ती माझ्या पुढे गेली आणि हे तिने माझ्यापासून लपवलं.

तुला पुन्हा सांगते, कारण तू दर वेळी विसरतेस. या अभ्यासक्रमात शेवटच्या परीक्षेआधीच शिक्षक प्रत्येकीची अंदाजी श्रेणी ठरवतात. विद्यापीठ प्रवेश देताना तीच बघतं. मला आणि ठकीला ज्या विद्यापीठात जायचंय, तिथे आमची शाळा रसायनशास्त्रासाठी एकाच मुलीची शिफारस पाठवते. ती कुणाची, हे २६ तारखेच्या मंगळवारच्या प्रात्यक्षिकावर ठरणार. म्हणजे ती जाणार किंवा मी.

तू तिला लाडाने ठकी म्हणतेस, पण आता ती नावाप्रमाणे ठकवायला शिकली आहे. वर्गात माझ्या शेजारची जागा सोडून पहिल्या बाकावर जाऊन बसली. शिक्षिकेच्या नजरेत भरायचं, दुसरं काय! अंगणात समोरून मी हात केला तर ओळखसुद्धा दाखवत नाही, सरळ बघत निघून जाते, जशी काही शिफारस आत्ताच हातात पडली आहे. आणि प्रयोगशाळेत मात्र गोड बोलून माझ्याकडे सरकते. ब्युरेटच्या नळीत द्रावण कोणत्या रेघेवर थांबलं ते मलाच विचारते. मी सांगितलं की लिहून घेते. माझ्या डोळ्यांवर तिचे गुण!

आत्या, मला हे असं वाटणं आवडत नाही. जेवताना तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं तरी मला वाटतं, हिला भूक लागते, म्हणजे हिचा अभ्यास झाला असणार. माझी खोलीमैत्रीण म्हणते की मी मत्सराची पदवी इथेच घेऊन बाहेर पडणार. हसू आलं.

दहा वर्षांची होईपर्यंत मी तुझ्या चष्म्याच्या दुकानात शिकले. तिथे वर्गात मी एकटीच होते. पहिली मीच आणि शेवटचीही मीच. ते किती बरं होतं.

काच घासताना हातमोजे घालत जा. तुझा लोभ आहेच, तो तिच्यापेक्षा माझ्यावर पावभर जास्त असावा, ही विनंती.

तुझी,
पावकी


७ मार्च, गुरुवार

चि. पावकीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोनवर तू सगळं ठीक आहे म्हणून मोकळी होतेस. कागदावर तुला खोटं लिहिता येत नाही, म्हणून मी पत्रांचा हट्ट धरते. हातमोजे घालते. तू माझी आई होऊ नकोस.

लोभाचं नंतर बघू. आधी मला एक सांग. ठकी फोनवर नेमकं काय म्हणाली? अर्थ नको, शब्द हवेत. नंबर वर जातो तो तुमच्या शाळेत. आपल्या दुकानात नंबर वाढतो. तू माझ्या काउंटरखाली छोट्या स्टुलावर बसून अक्षरं शिकलीस. काचेचा नंबर पावापावाने चढतो म्हणून मी तुला सगळ्यात आधी पावकी, म्हणजे पावाचा पाढा, पाठ करायला लावली, तिचंच नाव तुला चिकटलं. त्या मुलीला नंबर म्हटल्यावर आता फक्त वर्गातला क्रमांक ऐकू येतो?

आणि वर गेलेला क्रमांक कुठली मुलगी बापापासून लपवते? ती तर पेढे नसले तर साखर वाटेल.

तू लिहिलेलं मी दोनदा वाचलं. एक मुलगी बाक सोडून फळ्याजवळ जाते. समोरून आलेल्या बहिणीला ओळखत नाही. बारीक रेघ दुसरीला विचारते. तुझ्या जागी एखादं गिऱ्हाईक हे सांगत असतं, तर मी एव्हाना त्याला तपासायच्या खुर्चीवर बसवलं असतं.

तुझा थोरला काका, ठकीचा बाप, काय म्हणतो ते तुला ठाऊक आहे. त्याच्या डोळ्यांपायी बस चालवणं सुटलं आणि डेपोच्या खिडकीत बसून तिकिटं फाडायची वेळ आली. तेव्हापासून पुस्तक म्हणजे त्याला डोळे खाणारं जनावर वाटतं. ठकीचा चष्मा आणखी जाड झाला तर तिला या अवघड अभ्यासातून काढून साध्या शाळेत घालीन, असं त्याने माझ्यासमोर सांगितलंय. मुलगी वाढते तसा चष्माही वाढतो, हे मी त्याला समजावून थकले. तो माझा थोरला भाऊ, पण ऐकण्यात सगळ्यात धाकटा.

खात्री करून घे. तराजू तुझ्या हातात आहे म्हणून दांडीवर बोट ठेवू नकोस.

तुझी आत्या


१२ मार्च, मंगळवार

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पुन्हा दुरुस्ती, आणि ही लिहिताना कान तापलेत. ती ‘वाढलाय’ म्हणाली होती. ‘वर गेलाय’ हे मी लिहिलं. कधी बदललं ते मलाच कळलं नाही.

खात्री केली. तुझ्याच पद्धतीने. लहानपणी तुझा अक्षरांचा तक्ता मला पाठ होता, त्यामुळे माझे डोळे तपासायला तुला तो उलटा टांगावा लागायचा. इथे व्हरांड्याच्या टोकाला फळ्यावर वेळापत्रक असतं. काल सकाळी ते काढून ग्रंथालय बंद असल्याची सूचना लावली होती. मी ठकीला लांबूनच विचारलं की पहिला तास कसला. तिने फळ्याकडे बघत घडाघडा वाचून दाखवलं, पहिला गणित, दुसरा रसायन. एक शब्दही तिथे नव्हता.

 ती माझ्या चेहऱ्याजवळ आली, अगदी जवळ, आणि मला काय कळलंय ते वाचलं. मग आम्ही कपडे वाळत घालायच्या गच्चीवर गेलो. ती म्हणाली की दिवाळीच्या सुट्टीपासून असंच चाललंय, नाही, चुकलं, तिने सुट्टी एवढंच म्हटलं, दिवाळी मी घातली. मागच्या बाकावरून फळा म्हणजे धुकं, आणि जवळच्या बारीक रेघाही एकमेकींत मिसळतात. काकूने नवीन चष्म्याचं काढलं की काका हिशेब मागणार. म्हणून २६ तारखेपर्यंत कसंही रेटायचं. कुणाला सांगू नकोस, म्हणाली. मी शब्द दिला.

आता खरं लिहिते. प्रात्यक्षिकाला आम्हाला वेगवेगळ्या टेबलांवर बसवणार आहेत. तिथे तिला रेघ कुणी सांगणार नाही. तिचं उत्तर चुकेल आणि शिफारस मला मिळेल. मी काहीच वाईट करायचं नाहीये, नुसता दिलेला शब्द पाळायचाय. इतका सोयीचा शब्द मी जन्मात दिला नव्हता.

आणि तरीही मला तिचा हेवा वाटतो. गेले कित्येक महिने ती धुक्यात बसून माझ्या बरोबरीने गुण मिळवते आहे. मला स्वच्छ दिसत असताना! हे कळल्यावर दया यायला हवी होती. आली, पण नंतर.

मी काय करू ते सांग. माझ्यावर रागावलीस तरी लोभाला पूर्ण रजा देऊ नकोस.

तुझी,
पावकी


१५ मार्च, शुक्रवार

चि. पावकीस आशीर्वाद.

काय करू ते मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढे यश आलं काय नि अपयश आलं काय, माझ्या नावावर मांडशील.

मला माहीत आहे तेवढं लिहिते. तू शब्द देण्याआधीच मी ओळखलं होतं, त्यामुळे मला कळलं यात तुझा शब्द मोडला नाही. काच आणून, घासून, फ्रेममध्ये बसवायला मला दोन दिवस लागतात. डोळे इथे, या खुर्चीवर बसवून तपासावे लागतात, पत्रातून नाही. ठकी एकटी माझ्याकडे येणार नाही. तिच्या लेखी मी आधी बापाची बहीण आहे. चष्मा मी माझ्या भाचीला दिला, यात भावाने हिशेब मागायचं कारण नाही, आणि मागितलाच तर त्याचा स्वतःचा चष्मा दुरुस्तीला माझ्याकडेच पडलाय. तो परत हवा असेल तर ऐकून घेईल.

हेवा वाटतो तर वाटू दे. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं शेजाऱ्याची फ्रेम बघूनच येतात. त्यांनाही नीट दिसतं शेवटी.

आत्या


१८ मार्च, सोमवार

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल ठकीला सांगितलं, की तुला कळलंय आणि तू चष्मा देशील. आधी भांडली. मी चहाडखोर, मी ढोंगी, माझी सगळी सत्यवादी दुरुस्तीपत्रं चुलीत घालावीत, असं बरंच काही. मग विचारलं की यात माझा फायदा काय. मी म्हटलं, काही नाही, उलट तोटा आहे. ते ऐकल्यावर तिचा विश्वास बसला. मला तेही थोडं लागलं.

तू चष्मा देशील, तिला रेघ दिसेल, आणि बहुतेक शिफारस तिला मिळेल. हे मला चालेल असं मी लिहिणार होते. खोडलं. चालणार नाही. तरीही तिला तुझ्याकडे आणते आहे.

तीन गोष्टी मात्र माझ्यासाठी कर. तक्ता उलटा टांग, ती पाठ करते. तिला पावकी शिकवू नकोस. आणि तिला खुर्चीवर बसव, माझ्या स्टुलावर नको.

लोभ दोघींवर सारखा असावा, असं लिहायला हवं. जमेल तसं वाटून घे.

तुझी,
पावकी

ता. क. कधी येणार ते लिहायचं राहिलं. शनिवार, २३ मार्च, सकाळची पहिली बस. तिकिटावरची बारीक अक्षरं मी वाचीन.