जागृतीचा खांदा

ढोबळे सर,

सुरतहून धम्मदीपचा जयभीम.

आर्वीच्या ग्राऊंडवरून उचलून तुमी मले सतराव्या वर्षीच क्रिकेटच्या मोठ्या टीममध्ये उतरवलं. खांदा दुखते म्हटलं, तर तुमी म्हणाले, "इंजेक्शन घे बेटा, दुखणं घरी जाऊन दुखव." चार मॅचमध्ये हात गेला. आता इथं साड्यांचे गठ्ठे बांधतो अन् सुट्टीच्या दिवशी जो बोलावते त्याच्या टीमकडून हळू बॉल टाकतो. शर्ट घालायले डावा हात लागते.

काल आईचा फोन आला. "सर रविवारी आपल्या जागृतीले टीमसाठी न्यायले येऊन राह्यले. तिचा खांदा अंगठ्यानं दाबून पाह्यला अन् म्हणे, पोरगी तयार आहे."

माहा खांदाही तुमी तसाच दाबला होता. ती पंधराची आहे, सर.

मी नको म्हटलं, तर आई म्हणे, "बहिणीवर जळून राह्यला काय रे?"

हे पत्र मी पोस्टात टाकत नाई. टाकलं तर तुमी शनिवारीच येऊन तिले घेऊन जासान. मी आजच्या गाडीनं निघून राह्यलो. रविवारी तुमी आमची कडी वाजवसान, तवा दार मी उघडीन.

तुमचाच फास्ट बॉलर,
धम्मदीप