अक्काच्या लाडवावरची चमक

३ जानेवारी १९९९, रविवार
ठरलं. या संक्रांतीला आळे गावच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, हाताने केलेलं भेटकार्ड पाठवायचं. सतरा वर्षं नारायणगावात रबरी शिक्के करतोय. पतंगाचा शिक्का कापणं म्हणजे हातचा मळ.

अक्का मे महिन्यापासून माझ्याशी बोलत नाही. भाचीला मामाने बोहल्यावर आणायचं, आणि मी पोचलो तेव्हा अक्षता पडून गेलेल्या. एका सोसायटीचा शिक्का अर्जंट होता. अर्धा तास फक्त. अर्ध्या तासाला कोणी उशीर म्हणत नाही. माफी मागणार नाही. कार्ड बोलेल.

बायकोचं म्हणणं, कार्डबिर्ड राहू द्या, जीपमध्ये बसा आन् अक्काच्या पाया पडून या. द्रौपदाला कलेतलं काही कळत नाही.

६ जानेवारी
शिक्के तयार. पतंग, तिळाचा लाडू आणि 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. मजकूर सवयीने ऑफिसच्या शिक्क्यासारखा गोल बसवला, खाली दोन चांदण्या. द्रौपदाने विचारलं, अक्काला नोटीस धाडताय का?

९ जानेवारी, शनिवार
रंगकाम सुरू. मासिकात वाचलं: उजेड एका बाजूने येतो असं धरायचं, तिथला कागद कोरा सोडायचा, उलट बाजूला रंग गडद. याला हायलाइट म्हणतात. मी उजेड डावीकडून घेतला. ओला ब्रश लावताच पॅडची जांभळी शाई फुटली. पतंगाचं वांगं झालं. शाईत भेसळ असणार.

११ जानेवारी
आता कोरडी पद्धत. खडूची पूड कापसाने चोळली. लाडू काय गोल उठला! शिंक आली. लाडू गेला.

१४ जानेवारी, संक्रांत
कार्ड अपूर्ण. घाई नाही. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो, शास्त्रच आहे. शेजारच्या झेरॉक्सवाल्या सावळेरामने विचारलं, राव, बहिणीकडं नाय गेला? म्हटलं, लई कामं आहेत. दिवसभरात गिऱ्हाईक एक.

१७ जानेवारी
चमकेसाठी व्हाइटनरचा ठिपका दिला. लाडवाला टक्कल पडल्यासारखं दिसतं. पतंगावर दिला तर पतंग फाटका वाटतो.

२० जानेवारी, दुपारी ३
सापडलं! साखरेचा पाक. पातळ करून ब्रशने फक्त उजेडाच्या जागी. काचेसारखी चमक. सात कार्डं फडताळात वाळत ठेवली. अक्का रडेल.

२१ जानेवारी
मुंग्या. पण अभ्यास म्हणून नोंद: मुंग्या फक्त डाव्या बाजूलाच होत्या. म्हणजे हायलाइट अचूक जागी पडला होता. द्रौपदाने सातही कार्डं बंबात घातली. पाकाचं पातेलं अजून मलाच घासायचंय.

२३ जानेवारी, शनिवार
यश. सुकं स्केचपेन, शिक्क्याच्या रेघेला पेनाचं टोक लागू द्यायचं नाही, डावीकडे कागद कोरा. एवढंच. तीन आठवड्यांपूर्वीच सुचलं असतं, पण द्रौपदा सारखी मधे बोलते. उद्या रथसप्तमी. पोस्टाला सुट्टी. स्वतः नेऊन देतो. अकराची जीप.

२४ जानेवारी, सकाळी १०.४०
कपडे घालून तयार. लाडवाच्या उजव्या बाजूची सावली कमी वाटते. पाच मिनिटांचं काम.

२४ जानेवारी, संध्याकाळ
आळ्याला दीड वाजता पोचलो. दाराला कुलूप.

शेजारच्या गोजरबाईंनी सांगितलं, अक्का एकच्या यष्टीनं लेकीकडं गेल्या, लेकीला सातवा लागलाय, आता बाळंतपण उरकूनच येतील. म्हणाल्या, संक्रांतीपासून रोजचं व्हतं, जीप थांबली की अक्का दारात यायच्या, भाऊ आला का बघायला. आज बी लई येळ थांबल्या. मग गोजरबाईंनी माझ्या हातात एक डबा दिला. अक्का ठेवून गेली होती, भाऊ आला तर द्या म्हणून.

कार्ड दाराच्या फटीतून आत सरकवलं. परतीच्या जीपमध्ये डबा उघडला. तिळाचे लाडू. खिडकीतून ऊन डावीकडूनच येत होतं. एक लाडू उन्हात धरून सगळीकडून पाहिला. तिळाच्या लाडवाला चमक नसतेच.

खाल्ला.

अर्धा तास. उशीरच तो. तेव्हाही होता.