दोन राखांची भिंत

सौंदड,
पौष वद्य पंचमी, सन १९३८

प्रिय शामकला,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पायांची सूज उतरली का? सासूबाईंचे गुडघे, जावईबापूंचा खोकला, धाकट्या नणंदेचा दुखरा कान, एकेकाचे कळव. मी धडधाकट आहे.

तुझ्या बाळंतपणाची खोली सारवायला घेतली. आई सगळ्यांना सांगत सुटली आहे, लेकीच्या लेकराची नाळ मीच कापीन. अर्ध्या आळीची पोरे तिच्याच हातची, तिला कोण अडवणार? लेकराच्या डोळ्यांवर चुन्याची तिरीप नको, म्हणून आपल्या घरी ती खोली काळपटच ठेवतात. मी भाताचे तणीस जाळून राख केली, तेवढ्यात आपला गडी बिसराम स्टेशनातून इंजिनाच्या कोळशाची राख टोपलीभर घेऊन आला. दोन्ही शेणात कालवून भिंतीवर शेजारी-शेजारी पट्टे ओढले आणि मला नादच लागला. ओले असताना जुळे भाऊ. वाळल्यावर तणसाचा म्हशीच्या पाठीसारखा गुळगुळीत, कोळशाचा खरखरीत आणि किंचित निळसर. सकाळी एक बरा वाटे, दुपारी दुसरा. बिसराम म्हणाला, बुढा काळ्यातला काळा निवडून राहिला.

शेवटी तुझ्या आईला विचारले. कोळशाचा निळसर, हे मीच तिला सांगून ठेवले होते. तिने आधी तळवा फिरवला, मग म्हणाली, हा निळा, हाच घ्या. बरोबर होते. पण रंग सांगायला हात कायले लागतो, हे डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी समोरच्या भिंतीवर दोन्ही पट्टे तणसाचेच ओढले. ती बराच वेळ चाचपत राहिली. म्हणाली, डावा निळा. आन् काऊन विचारून राहिले जी घडीघडी? मी म्हटले, डावाच.

तेव्हापासून बघतो आहे. तांदूळ निवडायला शेजारच्या नंदाबाईकडे देते, सुईत दोरा ओवायचा तर काम उद्यावर टाकते. मी तोंड उघडले तर तिचा जीव तुटेल. म्हणून हे पत्र. तू आपणहून लिही, की जमुनाबाई आत्या जवळ असावी असे मनात आहे. आईने उशाशी बसावे, नाळ आत्याने कापावी. लेकीचा हट्ट म्हटला की ती स्वतःच आत्याला बोलावणे धाडील. तुझे पत्र तिला मीच वाचून दाखवतो, पण माझी जीभ कुठे अडखळली ते ती लगेच ओळखते. तेव्हा डोळ्यांबद्दल एक अक्षरही लिहू नको. उत्तर याच आठवड्यात टाक.

तुझाच,
बाबा