उजवी पाकळी

साईश,
'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

आपल्या लग्नासाठी तुझ्या आईने कौल मागायला देवीला प्रसाद लावला, मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी, होकाराची पाकळी पडली, तेव्हा मी हसले होते. "ओली पाकळी सुकली की पडणारच! यात देवीचं काय?" समुद्रजीवांची अभ्यासक ना मी! तू मात्र माझं शिक्षण संपेपर्यंत आमोण्याला माझी वाट बघत थांबलास.

काल मीच पेडण्याच्या देवळात गेले. मोरजीला माझ्यासोबत कासवांवर काम करणाऱ्या प्रमोदने लग्नाचं विचारलंय. मनात धरलं, उजवी पडली तर तू, डावी पडली तर तो. गुरवकाकांनी देवीला गाऱ्हाणं घालून पाकळ्या लावल्या.

उजवी पडली.

आणि मी म्हटलं, "काका, पंखा चालू होता. बंद करून परत लावा."

काकांनी पंखा बंद केला, पण पाकळी लावली नाही. म्हणाले, "बाय, देवीक परत कित्याक विचारतस? तुजां ठरलां मगे."

ठरलंच होतं रे, देवळात शिरण्याआधीच.

हे पत्र तुला पाठवणार नाही. फोनच करीन. तुझी आई देवीचा शब्द मोडत नाही, म्हणून तिला सांगेन, काल परत प्रसाद लावला, डावी पडली.

गौरवी