शेवटचा पाव फेरा

बाबा, मी मोटरसायकल घेतली. जुनी आहे, माझ्यापेक्षा वयाने मोठी. माटुंग्याच्या एका इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती. मालक निवृत्त गृहस्थ, गुडघ्यांमुळे किक मारता येईना म्हणून विकायला काढलेली. त्यांनी ताडपत्री ओढली तेव्हा मी टाकी पाहिली नाही, इंजिन पाहिलं नाही, खाली वाकून नट पाहिले. एकाचेही कोपरे झिजलेले नव्हते. गाडी कशी वापरली ते मालकाला विचारायचं नाही, नटाचे कोपरे बघायचे, हे तुम्हीच सांगितलेलं. मी लगेच घेते म्हणाले, आणि मग गाडी टेम्पोत चढवल्यापासून लालबाग येईपर्यंत आपण हे काय करून बसलो याचा विचार करत राहिले. स्कूटर मी कॉलेजपासून चालवते. पण हिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, आणि वजन असं की आडवी झाली तर उचलायला दोन माणसं बोलवावी लागतील. आईने गॅलरीतून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मागे बसायला जागा आहे ना?"

तुम्ही असताना आपल्या घरात मोटरसायकल कधीच नव्हती, तरी माझं लहानपण मोटरसायकलींच्या आसपासच गेलं. गिरणी बंद झाली आणि तुम्ही गल्लीच्या तोंडाच्या गॅरेजमध्ये बसायला लागलात. इतकी वर्षं सूत कातायच्या चात्या आणि बेअरिंगं हाताळलेले हात कार्बोरेटरवर आले. रविवारी एखादी गाडी चाळीच्या मागच्या बोळात आणायचात आणि मला हाक मारायचात. तो बोळ तसाच आहे, फक्त आता तिथे नळाची नवी पाइप गेली आहे. तिथेच मी गाडी लावते, तिथेच बसते. तुम्ही उकिडवे बसायचात, मला पाट द्यायचात. मी अजून पाटावरच बसते.

एक सकाळ मला सारखी दिसते. मी चौथीत असेन. तुमच्या मांडीवर गिरणीतून आणलेला सुताचा गुंता आहे, ज्याला तुम्ही वेस्ट म्हणता आणि ज्याने हात, पाने, माझं नाक, सगळं पुसता. मी दोन्ही हातांनी पाना धरून मागच्या चाकाचा नट आवळते आहे. "झाला?" तुम्ही विचारता. "झाला." मग तुम्ही माझ्या हातातून पाना घेता, त्याच नटाला लावता, मनगट जरासं हलतं, आणि म्हणता, "हां. आता झाला." प्रत्येक नटाला हेच. मी आवळायचा, तुमचा हात त्यावरून फिरायचा, मगच तो नट आवळलेला. माझ्या मनात पक्कं बसलं, की माझा हात जिथे संपतो तिथून पुढे एक पाव फेरा शिल्लक असतो आणि तो तुम्ही देता.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. तेव्हापासून मी जे काही आवळलं, बंद केलं, पाठवलं, त्यात तो पाव फेरा कमी आहे असंच वाटत आलंय. गॅस बंद करून मी जिना उतरते आणि परत चढते. ऑफिसमध्ये पाठवलेली मेल उघडून पुन्हा वाचते, चूक सापडली नाही तर जास्तच घाबरते. आई म्हणते, "देवाने तुला दोन डोळे दिले, तू चार वापरतेस." तुम्ही हे पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर हसला असतात की रागावला असतात, ते मला ठरवता येत नाही.

रागावलात असं एकदाच आठवतं. खंडेनवमी होती. आपल्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं पाटावर मांडली जायची. आधी खोबरेल तेलाचा हात, मग हळदकुंकू, झेंडू. तेल लावायचं काम माझं. पाने, पकडी, हातोडी, आईची विळी, शिवणाचं मशीन, सगळं लखलखीत झालं, तरी माझा उत्साह उरला. बोळात एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं चाक काढून ठेवलेलं होतं. मी त्याच्या आतल्या ब्रेकच्या पट्ट्यांनाही प्रेमाने तेल चोळलं. तुम्ही आलात, पाहिलंत, आणि आवाज न चढवता म्हणालात, "थांबवायच्या वस्तूला तेल लावतेस? माणूस मेला असता." मग दुपारभर पट्ट्या घासत बसलात आणि माझ्याशी बोलला नाहीत. संध्याकाळी गाडी जोडून झाल्यावर मला टाकीवर बसवून मैदानापर्यंत नेलंत. ट्रायल म्हणायचात त्याला. ब्रेक दाबलात, गाडी जागच्या जागी थांबली. "बघ," म्हणालात.

ही गाडी मी श्रावणापासून रविवारी-रविवारी जोडत होते. टाकीतून निघालं ते पेट्रोल नव्हतं, चहाच होता. टाकी धुतली, कार्बोरेटर उघडून जेटमध्ये फुंकर मारली, इंजिनातलं काळं ऑइल सोडून नवं भरलं, प्लग तारेच्या ब्रशने घासला. क्लचची केबल नवी टाकली. चेन ढिली होती, म्हणून मागचं चाक थोडं मागे ओढून नट आवळला. घटस्थापनेच्या आधी ती सुरू झाली. तळमजल्यावरचे काका बाहेर आले, कानावर हात ठेवून म्हणाले, "अगं, गिरणी परत सुरू झाली की काय!" मी एकटी भायखळ्यापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर सगळे नट पुन्हा तपासले.

मग आईने तिचं मनातलं काढलं. दरवर्षी दसऱ्याला ती शिवडीला मावशीकडे सोनं द्यायला जाते. यंदा म्हणाली, "तुझ्या गाडीवरून जाऊ." मी हो म्हणाले, आणि तेव्हापासून मला नीट जेवण गेलं नाही. एकटीने पडणं वेगळं. आई मागे बसणार, आणि ज्या नटावर मागचं चाक धरलंय तो फक्त मी आवळलेला आहे, त्यावरून कुणाचा हात फिरलेला नाही. मला सारखं तेच दिसायला लागलं.

खंडेनवमीला मी हत्यारं मांडली. तुमचा पाना मधे ठेवला. गाडीचीही पूजा करायची म्हणून तिला खालून वर पुसली, आणि भीतीपोटी म्हणा, कुठलीच जागा सोडली नाही. इंजिनाच्या कडेला ते गोल झाकण असतं ना, ज्याच्या आड पॉइंटची दोन इवलीशी टोकं मिटतात-उघडतात आणि उघडताना प्लगात ठिणगी पडते, ते झाकणसुद्धा उघडलं आणि आतून तेलाच्या फडक्याने पुसून काढलं. सगळं कसं चकचकीत. झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, नमस्कार केला.

दसऱ्याला सकाळी आई आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन तयार. मी किक मारते आहे, गाडी दाद देत नाही. पुन्हा, पुन्हा. काका दारात खुर्ची टाकून बसलेले. "पेट्रोल आहे का गं?" "आहे." "मग नवस बोल." मला घाम फुटला होता, आणि खरं सांगू, आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. गाडी सुरूच झाली नाही तर आईला मागे बसवायचा प्रश्न नाही. टॅक्सी करू. पण आई पायरीवर बसली, चप्पल काढून. म्हणाली, "सावकाश बघ. मावशी कुठे पळत नाय."

बघायचं तर प्लग काढायला हवा, आणि पाने पाटावर, पूजेत. आपल्याकडे दसऱ्याला सोनं देऊन आल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही, त्यांनाही सुट्टी असते, हे तुमचंच. मी पाटासमोर नुसती उभी राहिले. आई मागून आली, तुमच्या पान्यावरचं झेंडूचं फूल उचललं, बाजूला ठेवलं, त्याच्या जागी साखरेची चिमूट सोडली. "ओव्हरटाइम," म्हणाली, "गिरणीत पण बोलवायचेच की सणाला. उचल."

प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली. ठिणगी नाही. नवी केबल, साफ टाकी, सगळं मनात तपासलं, आणि मग तेलाचा फडका डोळ्यांसमोर आला. त्याच्याबरोबर तुमचं ते वाक्य आलं, थांबवायच्या वस्तूला तेल लावतेस. पॉइंट थांबवत नाहीत, पण सरकतही नाहीत, नुसते टेकतात. त्यांना तेलाचं काय काम? झाकण उघडलं, कोऱ्या कागदाची पट्टी दोन टोकांच्या मधून ओढली. तेलकट निघाली. दुसरी ओढली, तिसरी ओढली, कोरडी निघेपर्यंत ओढत राहिले. आपल्या घरात माया म्हटली की तेल, दुसरं काही सुचतच नाही आपल्याला. प्लग बसवला, किक मारली, आणि बोळ भरून आवाज आला. काका म्हणाले, "नवस फेडायला विसरू नकोस."

आई एका बाजूला पाय सोडून मागे बसली, पिशवी मांडीवर. मी म्हटलं, "उतर जरा." उतरली. मी मागच्या नटाला पाना लावला, हलला नाही. आई बसली. मी पुन्हा म्हटलं, "आई, एकदाच."

"आता काय राहिलंय गो?"

"नट बघते. बाबा शेवटचा फेरा द्यायचे. माझा कमी पडतो."

"कसला फेरा? ते कुठे फिरवायचे?" आई म्हणाली. "नुसता पाना लावायचे. मी विचारलं होतं एकदा, पोरीने आवळलाय, परत कशाला? तर म्हणे, तिचा घट्टच असतो, आणखी पिळला तर आटे जातील. पण हात फिरवला नाही तर तिला वाटेल, कुणी बघतच नाही."

मी तशीच वाकलेली राहिले. मनगट हलायचं, ते मी पाहिलंय. का तेवढंच पाहिलंय? नट फिरताना कधी पाहिला नाही, हे मला तेव्हा त्या बोळात कळलं. आई खरं बोलत होती की तिला जेवायच्या आत शिवडीला पोचायचं होतं, सांगता येत नाही. दोन्ही तिला शोभतं. "बसू का आता," ती म्हणाली, "की ऊन व्हायची वाट बघतेस?" मी पाना गाडीच्या बाजूच्या हत्यारांच्या डब्यात टाकला आणि किक मारली.

परळहून शिवडीचा रस्ता सणामुळे मोकळा होता. गोदामांपाशी माळा घातलेले ट्रक उभे होते. आईचा हात सगळा रस्ता माझ्या खांद्यावर होता, धरलेला नाही, ठेवलेला. चाक गेलं नाही, चेन सुटली नाही, ब्रेक लागला. मावशी दारात येऊन म्हणाली, "ही बापाचीच," आणि आई पानं वाटायला आत गेली.

हे मी कुणाला पाठवणार नाही, म्हणून तेवढं लिहून टाकते. आई आत गेल्यावर मी गाडीवरून उतरले. गाडीपाशी बसले आणि तुमचा पाना काढून मागच्या नटाला लावला. जोर नाही दिला. नुसता लावला, मनगट जरासं हलवलं, आणि कुणी ऐकत नाही असं पाहून म्हटलं, "हां. आता झाला."